शेऱ्यांचा रकाना

इसाल्मीच्या तपासणी केंद्रात एकोणीस वर्षं
मी गाड्यांची पोटं खालून बघतो.
वरून सगळ्याच धुऊन-पुसून येतात.

चौऱ्याण्णवच्या कोरोलाचं मला तोंडपाठ आहे:
आधी मागच्या चाकावरची कमान फुगते,
मग दाराखालचा उंबरा आतून पोखरतो
आणि वर रंग शाबूत. वरून कीर्तन, आतून तमाशा.
हँडब्रेक ओढला की एक चाक धरतं,
दुसरं कानांवर हात ठेवतं.
उजवा दिवा रस्ता सोडून
बर्चच्या शेंड्याकडे बघत बसतो.
बॉल जॉइंटचा खुळखुळा, ब्रेकच्या नळीला खवले.

मीठ.
सहा-सहा महिने आमच्या रस्त्यांवर मीठ पडतं,
माणसं घसरू नयेत म्हणून.
खाल्ल्या मिठाला जागणारं लोखंड
मी अजून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी या मॉडेलच्या अकरा आल्या, सात परत पाठवल्या.
यंदा चार आल्या, एकच नापास.
सुधारणा आहे, असं अहवालात दिसेल.
ज्या नापास झाल्या असत्या
त्या आल्याच नाहीत, हे कुठे दिसेल?

ती एक म्हणजे
मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी आलेली इर्या केत्तुनेनची.
इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणारी वायर
पुढच्या जाळीतून लोंबत होती.
खांबावरचा प्लग काढायचा राहिला,
तो हिसका बसून आपसूक निघाला,
आणि बाई चोवीस किलोमीटर
शेपूट ओढत आल्या.

इतकी वर्षं ओइवा यायचा.
पिवळ्या रेघेच्या पलीकडे हाताची घडी घालून
एकेका बोल्टसाठी माझ्याशी भांडायचा.
शेवटच्या खेपेला भांडला नाही.
मफलरमध्ये त्याची मान सैल झाली होती,
आणि माझी हातोडी
उंब्याच्या त्या डांबर फासलेल्या जागेच्या
चार बोटं अलीकडेच थांबली.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

यंदा थांबली नाही.
एक ठोका, आणि डांबराचा पापुद्रा सुटून
आतून कॉफीचा डबा निघाला.
कापून, ठोकून, रिबिट मारून बसवलेला;
निळा रंग, अर्धं अक्षर, एका कपाचं कान.
सुबक काम होतं.
पत्रा मात्र मुलाच्या लाथेनंही वाकला असता,
आणि आता गाडी ती चालवणार होती.

रोलरवर ब्रेक घेतले: डावा दोनशे दहा, उजवा नव्वद.
आत बसलो. चालकाच्या सीटवर दोन उशा.
शेजारची सीट मात्र बसून-बसून खोलगट,
आणि तिच्यापुढच्या मॅटला
उजव्या टाचेएवढं आरपार भोक.
तिथे ना पेडल, ना काही.
मी खाली वाकून पुन्हा बघितलं.

मी कागद वाचून दाखवला:
उंबरा, ब्रेकमधला फरक, दिव्याचा रोख.
एक महिना मुदत. वेल्डिंगवाल्याचा नंबर.
बाईंनी चष्मा लावला, काढला.
"तो डबा मी टाकून दिला असं त्याला सांगितलं होतं मी,"
त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या,
"मॅटचं भोक धरलंत का यात?"

नाही. त्याला रकाना नाही.

"मी ब्रेक दाबायचे," त्या म्हणाल्या,
"प्रत्येक वळणावर. एकतीस वर्षं.
लागला नाही कधी."
आणि कॉफीच्या मशीनकडे बघत राहिल्या,
जणू तिथूनच कोणी उत्तर देणार होतं.

मी तारीख टाकली, शिक्का मारला.
गाडी आवारातून बाहेर पडताना पाहिलं तर
वायर पुन्हा बर्फातून खडखडत निघालेली.
धावलो. काचेवर टकटक केली.
त्यांनी दचकून ब्रेक दाबला
आणि गाडी जराशी उजवीकडचं न ऐकता
डावीकडे तिरकी होऊन
थांबली.